साथ ओसरल्यावर

साथींचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा दोन गोष्टींची नोंद साक्षेपाने करतात. रोग गावात कोणत्या दिवशी शिरला, ही एक. आणि तो किती माणसे घेऊन गेला, ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये काही दिवस असे जातात की, रोगाचा जोर कमी झालेला असतो, घरोघरची दारे पुन्हा उघडू लागतात, कचेऱ्यांतील माणसे परत कामावर रुजू होतात आणि मंडईत पूर्वीसारखी खांद्यास खांदा लागतो. हे दिवस कोणी फारसे लिहून ठेवीत नाही. त्या दिवसांत काहीच घडत नाही, असा सर्वांचा समज असतो. वस्तुतः पुढे जे घडावयाचे असते, त्याची सारी तयारी याच दिवसांत होते. नाशिक जिल्ह्याने गेल्या सव्वाशे वर्षांत तीन मोठ्या साथी पाहिल्या. तिन्ही वेळा रोगाने आपला पहिला फेरा केला आणि मग थोडी उसंत दिली. त्या उसंतीत लोक व सरकारी खाती कशी वागली, हे पाहिल्यावाचून त्या साथींचा अर्थ नीट लागत नाही.

पहिली साथ प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, नवरोजी हिलच्या वस्तीत, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांस रोग्यांच्या अंगात तापाबरोबर गाठ आढळली. हे डॉक्टर मुंबईच्या नगरपालिकेचे सभासदही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी नगरपालिकेत स्पष्ट शब्दांत सांगितले. परंतु सरकारी कागदांत तो शब्द एकदम उतरेना. प्रारंभीच्या अहवालांत या रोगास ‘गाठीचा ताप’ असे सौम्य नाव मिळाले आणि तोही सौम्य प्रकारचा आहे, असे आश्वासन देण्यात आले. यात निव्वळ भित्रेपणा होता असे नव्हे. प्लेग हा शब्द तारेने बाहेर गेला की, परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांस बंद होणार, कापसाचा व धान्याचा व्यापार बसणार, हे कारभाऱ्यांस दिसत होते. रोगाचे नाव पालटले म्हणजे रोगाचा स्वभाव पालटतो, असे त्यांनाही वाटत नसावे. तथापि नाव मवाळ ठेवल्याने लोक घाबरत नाहीत. आणि लोक घाबरले नाहीत की, आपली व्यवस्था ठीक चालली आहे, असे हळूहळू व्यवस्थापकांसही वाटू लागते. गाफीलपणाचे हे पहिले पाऊल असते, आणि ते बहुधा सद्धेतूनेच पडते.

पुढील हिवाळ्यात खरा प्रकार कोणापासून लपून राहिला नाही. सव्वाआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. जी. आय. पी. रेल्वेच्या गाड्या भरभरून थळघाट चढू लागल्या. त्या वाटेवर घाट चढताच इगतपुरी, मग देवळाली, मग नाशिकरोड. पळून येणारा माणूस आपल्या गावी, आपल्या माणसांत येत होता. त्याच्या पेटाऱ्यात, धान्याच्या गोण्यांत आणि कपड्यांच्या गाठोड्यांत दुसरे कोण येत होते, याची कोणास कल्पना नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यातील घरझडत्या, रँड साहेबांची कारकीर्द आणि तिचा शेवट या गोष्टी मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. येथे त्यांतील एकच गोष्ट पाहावयाची. मे महिन्याच्या अखेरीस पुण्यातील प्लेग मंदावला. सोजिरांच्या तुकड्या झडत्यांवरून परतल्या, बाहेर गेलेली कुटुंबे गावात आली आणि अधिकाऱ्यांनी आपल्या उपायांचा विजय झाला असे मानले. लोकांनीही आपल्या परीने तसेच मानले; कोणी देवीचा नवस फेडला, कोणी नुसताच सुस्कारा सोडला. पावसाळ्याच्या अखेरीस प्लेग परत आला, आणि त्या वेळी त्याचा जोर पहिल्यापेक्षा अधिक होता.

आज याचे कारण शाळकरी मुलासही सांगता येते. प्लेगाचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवांतून माणसाच्या अंगात जातो. दख्खनच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात पिसवा फार दिवस जगत नाहीत. म्हणून वैशाखात रोग आपोआप हटतो. पावसाने हवा ओली व गार झाली की पिसवा माजतात आणि उंदरांत टिकून राहिलेला रोग पुन्हा माणसांवर येतो. म्हणजे ज्यास कारभारी आपल्या बंदोबस्ताचे यश समजले, ते बऱ्याच अंशी उन्हाचे यश होते. ऊन दर वर्षी आपले काम करून जाई, आणि श्रेय दर वर्षी दुसऱ्याच कोणास मिळे.

याच जिल्ह्यात, देवळालीजवळच्या भगूर गावी, १८९९ साली प्लेगाने सावरकरांच्या घरात प्रवेश केला. दामोदरपंत सावरकर व त्यांचे बंधू त्यात दगावले. घरातील दोन मुलगेही आजारी पडून वाचले. मुंबईस रोग उघडकीस येऊन तोवर तीन वर्षे लोटली होती. कायदा झाला होता, लस निघाली होती, अहवालांचे जाडजूड ग्रंथ छापून झाले होते. तरीही रोग खेड्यातल्या सुखवस्तू घरात असा शिरत होता, जणू काय तो प्रथमच येत होता.

येथे उंदरांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास पिसवेचे कार्य ठाऊक नव्हते. परंतु घरात ‘उंदीर पडला’ म्हणजे घर सोडावयाचे, हे त्यास एकदोन वर्षांतच कळून चुकले. आढ्यावरून मेलेला उंदीर खाली आला की बायकापोरे व गुरे घेऊन तो माळावर जाई, ताट्याकुडाची झोपडी घाली आणि गावातले मरण थांबेपर्यंत तेथेच राही. या अडाणी शहाणपणाने किती जीव वाचले असतील, याची गणती झालेली नाही. इकडे शास्त्राच्या दरबारात काय चालले होते? २ जून १८९८ रोजी कराचीस पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून पाहिला आणि पिसू हाच प्लेगाचा वाहक आहे, असे सिद्ध करून त्याच वर्षी प्रसिद्ध केले. त्या सुमारास सरकारने नेमलेले प्लेग कमिशन देशभर फिरून साक्षी घेत होते. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते, सभासद विद्वान होते आणि अहवाल अनेक खंडांचा झाला. त्या कमिशनने सीमाँचे म्हणणे विचारात घेण्याजोगेही मानले नाही. रोग घाणीत, जमिनीत, कपड्यांत आणि माणसांच्या दाटीत आहे, ही समजूत पक्की होती. सर्व खर्च, सर्व कवायत, गटारे धुणे, भिंतींस चुना व कार्बोलिक मारणे ही त्या समजुतीवर उभी होती. एवढा मोठा डोलारा उभा असता एका परक्या डॉक्टराच्या काचेच्या बरणीतील उंदराकडे कोण पाहणार?

त्यानंतर सहासात वर्षे गेली. १९०५ च्या सुमारास डॉ. लिस्टन यांच्या मुंबईतील निरीक्षणांनी आणि नव्या संशोधन मंडळाच्या प्रयोगांनी सीमाँचे म्हणणे खरे ठरले. मधल्या काळात, १९०४ आणि १९०५ यांपैकी प्रत्येक वर्षी, हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगाने मेली. खात्यांना आळस चढतो तेव्हा त्यांचे काम बंद पडलेले नसते, ही गोष्ट येथे ध्यानात येते. प्लेगाच्या खात्याइतके काम त्या काळी क्वचितच दुसऱ्या खात्याने केले असेल. हात अहोरात्र चालू होते, फक्त शंका घेणे थांबले होते.

दुसरी साथ इन्फ्लुएंझाची. हिचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘मानमोडी’ असे पडले, आणि ते सार्थ होते. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास होता. पाठोपाठ गोदीतले मजूर, गिरण्यांतले कामगार, पेढ्यांतले व कचेऱ्यांतले कारकून पडू लागले. महायुद्धाचे शेवटचे वर्ष चालू होते व बंदरात फौजांची जहाजे येत-जात होती. जहाजाने शहरास ताप दिला की शहराने जहाजास, या विषयावर नगरपालिकेचे आरोग्याधिकारी आणि सरकार यांच्यात वाद झाला. दोन्ही पक्षांची हुशारी त्यात पुष्कळ खर्ची पडली. जुलैच्या आरंभी शहरात रोज दोनशेवर माणसे मरत होती. मग आकडा उतरला. ताप तीन-चार दिवस राही, अंग मोडून निघे आणि बहुतेक रोगी उठून कामावर जात. महिनाअखेर साथ गेली असे सर्वांस वाटले.

वाटले, ते अगदी खोटे होते असेही म्हणता येणार नाही. जुलैची साथ खरोखरच फार घातक नव्हती. प्लेग आणि पटकी पाहिलेल्या पिढीस तीन दिवसांचा ताप म्हणजे काहीच नव्हे. आणि शिवाय त्या ऑगस्टात लोकांचे डोळे आभाळाकडे लागलेले होते, कारण १९१८ सालचा पाऊस फसला होता. नाशिक, नगर, खानदेश या बाजूंची बाजरी करपत होती, धान्याचे भाव चढत होते, आणि युद्धामुळे सरकारी डॉक्टरांतील पुष्कळसे देशाबाहेर होते. अशा स्थितीत गेलेल्या तापाची आठवण कोण ठेवणार? ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण कृतघ्न माणसावर रचली गेली आहे खरी. परंतु बहुधा वैद्याचा विसर कृतघ्नतेने पडत नाही, दुसऱ्या विवंचनेने पडतो.

सप्टेंबरात ताप परतला. नाव तेच होते, रोग मात्र तो नव्हता. या वेळी तो फुप्फुसांत उतरे. सकाळी औतावर गेलेला गडी संध्याकाळी अंथरुणास खिळे आणि चारपाच दिवसांत संपे. म्हातारे व मुले यांच्यापेक्षा वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे त्यास अधिक बळी पडली, आणि त्यांतही घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका पुष्कळ. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू झाले. रोग आगगाडीच्या रुळांवरून आत आत गेला. देवळालीस लष्कराची मोठी छावणी. नाशिकरोड व मनमाड ही मोठी स्थानके. त्यांच्या दोहों अंगांस दुष्काळाने आधीच खंगलेली खेडी. मुंबई इलाख्यातील मृत्यू दहा लाखांच्या घरात गेले आणि साऱ्या हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पलीकडेपर्यंत आहेत. आजच्या भारताच्या सीमा धरून पाहिले तर १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ साली २५.१३ कोटी भरली. शिरगणती सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या अखेरीस माणसे कमी भरली, असे दुसरे उदाहरण नाही.

देशी वर्तमानपत्रांनी त्या वेळी सरकारवर कडक टीका केली की, शहरे जळत असता वरिष्ठ अधिकारी थंड हवेच्या ठिकाणांवरून खाली उतरले नाहीत. टीका योग्यच होती. मुंबईत औषधे, दूध आणि पांघरुणे घरोघर पोहोचविण्याचे पुष्कळसे काम सोशल सर्व्हिस लीगसारख्या लोकांच्या संस्थांनीच केले. परंतु अधिकारी ऑक्टोबरात खाली उतरून तरी काय करणार होते, हाही प्रश्न आहे. लस नव्हती, औषध नव्हते. जे करता आले असते ते ऑगस्टात करता आले असते. रुग्णसेवेसाठी माणसे हेरून ठेवणे, गावोगावच्या शाळा इस्पितळांसाठी मोकळ्या करण्याचे ठरवून ठेवणे, धान्य व घोंगड्या तालुक्याच्या ठिकाणी साठविणे, ही कामे ऑगस्टची होती. तो महिना दप्तरात कोरा आहे.

आणि या कोऱ्या महिन्याची किंमत कोणी दिली, हेही दप्तरात आहे. मुंबईत साथीच्या काळात युरोपियनांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी आठाच्या थोडे वर होते, पारशांत नऊ, इतर हिंदूंत एकोणीसच्या जवळपास. आणि त्या काळी ज्यांस हलक्या जातींचे म्हणत, त्या लोकांत हजारी एकसष्टाच्या वर. निर्धास्त राहण्याचा निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांच्या चाळीवर मरण फारसे आले नाही. ज्यांनी कोणताच निर्णय घेतला नव्हता, त्यांच्या खोल्या ओस पडल्या.

हा दोष एकट्या हिंदुस्थानचा नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर १९१८ मध्ये तोंडावर फडकी बांधण्याचा कायदा केला आणि साथ मंदावली. २१ नोव्हेंबर रोजी दुपारी बारा वाजता भोंगा झाला, आणि लोकांनी फडकी काढून रस्त्यांत फेकून दिली. ठिकठिकाणी उत्सव झाला. पुढच्या जानेवारीत तीच फडकी पुन्हा बांधावी लागली, आणि त्या वेळी ती बांधण्याविरुद्ध एक मंडळही निघाले. भोंगा वाजवून संपविता येईल असा शत्रू त्या शहराने चारच वर्षे आधी सुरू झालेल्या युद्धात पाहिला होता. जंतूसही तोच नियम लागू असेल, असे त्यास वाटले असावे.

यानंतरची उसंत मोठी होती. नव्या औषधांनी व कीटकनाशकांनी प्लेग हटला. १९६६ नंतर देशात त्याचे नाव ऐकू येईनासे झाले. १९९४ साली मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात मामला गावी आणि मागोमाग सुरतेस तो पुन्हा उगवला, तेव्हा लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यांत खासगी धंदा करणारे डॉक्टरही थोडे नव्हते. सहजपणे गोळ्या देऊन बरा होणारा रोग, पण ओळखणारे डोळेच राहिले नव्हते. मृत्यू मात्र थोडक्यावर निभावले.

तिसरी साथ पुष्कळांच्या डोळ्यांपुढची आहे. २०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात, लासलगावच्या बाजूस, कोविडचा पहिला रुग्ण आढळला. एप्रिलात मालेगाव पेटले. यंत्रमागांचे ते दाट वस्तीचे गाव महिनाभर सर्व राज्याच्या काळजीचा विषय होऊन बसले. मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर कसाऱ्याचा घाट चढून पायी जाणाऱ्या मजुरांची रांग तुटत नव्हती. वाटेवरच्या लोकांनी त्यांना भाकरी, पाणी, वहाणा दिल्या. सप्टेंबरात राज्यात एका दिवसात २४,००० वर नवे रुग्ण नोंदले गेले. मग आकडे उतरले. जानेवारी २०२१ मध्ये ते दिवसास दोनतीन हजारांवर आले, लसही आली, आणि एक साल सरले तसा रोगही सरला, असे वाटू लागले.

त्या जानेवारीत लोकांनी काय केले, ते पाहण्याजोगे आहे. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकास भरवावयाचे ठरले; डॉ. जयंत नारळीकर अध्यक्ष निवडले गेले आणि मार्चच्या २६ ते २८ या तारखा नक्की झाल्या. या निर्णयात गैर असे काही नव्हते. वर्षभर घरात कोंडलेल्या माणसांस ग्रंथांची व माणसांची भूक लागली होती. त्याच महिन्यात पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर उभारलेले मोठे कोविड रुग्णालय बंद करण्यात आले. राज्यात अन्यत्रही अशी तात्पुरती केंद्रे मिटविली गेली. रिकाम्या खाटांवर पैसा का खर्चावा, हा हिशेब कोणत्याही कारभाऱ्यास पटण्याजोगा होता. फेब्रुवारीत अमरावतीच्या बाजूने आकडे चढू लागले. मार्चात पुण्याचे ते रुग्णालय पुन्हा उघडावे लागले, नाशिकचे संमेलन पुढे ढकलावे लागले, आणि महिन्याच्या अखेरीस नाशिकच्या पोलिसांनी बाजारपेठेत शिरणाऱ्या प्रत्येकास तासाभरासाठी पाच रुपयांची चिठ्ठी लावली. १८ एप्रिल रोजी राज्यातील एका दिवसाचे रुग्ण ६८,००० वर गेले. नाशिक जिल्हा त्या दिवसांत देशातील सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत मोडत होता.

संस्थांचा गाफीलपणा आणि माणसाचा गाफीलपणा यांत एक भेद आहे. माणूस विसरतो तो दुःखाला कंटाळून. त्याचे विसरणे स्वाभाविक आहे. किंबहुना विसरल्यावाचून त्यास संसार करता येणार नाही. संस्थेस दुःख नसते, म्हणून तिला विसरण्याची गरजही नसावी. पण तिची स्मृती माणसांच्या डोक्यात नसून पदांत, नोंदवह्यांत आणि अंदाजपत्रकाच्या रकान्यांत असते. ज्याने मागील साथ पाहिली त्याची बदली होते. हंगामी नेमलेली परिचारिका मुदत संपताच घरी जाते. रकाना पुढील वर्षी कोरा राहतो. शिवाय संस्थेत वाईट बातमी खालून वर जाताना पायरीपायरीस हलकी होत जाते आणि चांगली बातमी जड होत जाते. १८९६ साली प्लेगाचा ‘गाठीचा ताप’ झाला तो याच जिन्यावर. याउलट, काहीही न घडणे ही संस्थेच्या दृष्टीने उत्तम कामगिरी असते. सहा महिने आग लागली नाही, म्हणजे आगीचा बंदोबस्त चोख आहे, असा शेरा पडतो. आग का लागली नाही, हे कोणी विचारीत नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागास आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचविली गेली, दहा गेली. राज्य हळहळले. सर्व रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने तपासणी करण्याचे हुकूम सुटले.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकास महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात जे घडले, त्यात आग नव्हती. या रुग्णालयात दीडशेच्या आसपास कोविडचे रुग्ण प्राणवायूवर होते, कित्येक कृत्रिम श्वासयंत्रावर. मोठ्या रुग्णालयांत हा वायू द्रवरूपाने साठवितात. शून्याखाली १८३ अंशांवर थिजविलेला प्राणवायू अंगणातील उभ्या टाकीत ठेवलेला असतो. तेथून तो नळ्यांच्या जाळीतून जाताना वायुरूप होतो, आकाराने सुमारे साडेआठशे पट वाढतो, आणि भिंतींतील नळांनी प्रत्येक खाटेच्या उशाशी पोहोचतो. पूर्वी खाटेशेजारी लोखंडी नळकांडे उभे असे. ते संपत आले की नातेवाइकाच्याही ध्यानात येई. टाकीची सोय त्याहून पुष्कळ चांगली, पण तिची एक मेख आहे. ती चालते तेव्हा दिसत नाही, आणि थांबते तेव्हा सर्वांसाठी एकदम थांबते.

त्या दिवशी दुपारी टाकीत द्रव भरला जात असता गळती झाली. अंगणात पांढरे दाट धुके पसरले; अग्निशामक दलाचे लोक त्यात शिरून पाण्याचे फवारे मारू लागले. टाकीचा दाब उतरला आणि आतील खाटांकडे जाणारा प्रवाह सुमारे अर्धा तास मोडला. नातेवाईक पंख्याने, हाताने छातीवर दाब देऊन, जे सुचेल ते करून आपल्या माणसास जगविण्याची खटपट करीत होते. त्या दिवशी बावीस रुग्ण गेले. पुढे हा आकडा चोवीस झाला. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागास आग लागून आणखी रुग्ण दगावले.

नाशिकच्या दुर्घटनेची चौकशी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीकडे देण्यात आली, उच्च न्यायालयानेही तिची दखल घेतली, मृतांच्या वारसांस मदत जाहीर झाली. दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी त्या चौकश्या आहेत. इतिहासास विचारावयाचे ते निराळे आहे. टाकीच्या जोडांची तपासणी कोणी व किती दिवसांनी करावयाची, भरणीच्या वेळी जाणता कारागीर जवळ असावा की नाही, प्रवाह मोडला तर भरलेली नळकांडी किती मिनिटांत जोडली गेली पाहिजेत आणि ती कोणाच्या ताब्यात असावीत, हे सर्व प्रश्न एप्रिलचे नव्हते. एप्रिलात प्रत्येक हात खाटेशी गुंतला होता. हे प्रश्न जानेवारीचे होते. खाटा रिकाम्या असताना, आणि घाई नसताना, टेबलाशी बसून सोडविण्याचे. राज्यात किती ठिकाणी ते जानेवारीत विचारले गेले, हा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. मुंबईची १९१८ च्या ऑगस्टची पाने जशी कोरी, तशीच त्या जानेवारीचीही पुष्कळ ठिकाणी निघतील, असे मानण्यास जागा आहे.

नाशिकचे लांबलेले साहित्य संमेलन अखेर ३ ते ५ डिसेंबर २०२१ या दिवसांत आडगावास भरले. त्याआधी एक महिना, राज्यातील नव्या रुग्णांचा रोजचा आकडा हजाराच्या खाली आला होता, दुकाने दिवाळीच्या खरेदीने फुलली होती, आणि भंडाऱ्याच्या आगीनंतर सुटलेल्या हुकुमांस दहा महिने होत आले होते. ६ नोव्हेंबर रोजी भाऊबीज होती. त्या दिवशी सकाळी नगरच्या जिल्हा रुग्णालयात, कोविडच्या रुग्णांसाठी असलेल्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्यात अकरा माणसे गेली.